उन्हातली नखं

नखाच्या टोकाला जी पांढरी कड असते, ती म्हणजे नख बोटाला जिथे सोडतं ती जागा. तिथपर्यंत नख खालच्या मांसाला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून गुलाबी दिसतं. पुढे ते अधांतरी असतं, म्हणून पांढरं. ही रेष बोटाच्या गोलाईला धरून जाते आणि जन्मभर तिच्याकडे कुणी निरखून बघत नाही. लेकीच्या उजव्या तर्जनीवर ती रेष खाली सरकली होती. काठ सोडून नखाच्या मध्यापर्यंत, उलट्या कमानीसारखी. कमानीच्या कडेला फिकट तपकिरी छटा होती, चहाच्या कपात तळाशी राहते तशी.

लेक चहाच्या कपाला दोन्ही हातांनी धरून बसली होती, तेव्हा ताईला ते दिसलं.

ताई डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. रंगातला फरक ओळखायचा आणि त्यावर हो की नाही ते सांगायचं, यावर तिचं पोट होतं. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारी म्हणायला लागले, मग डेअरीतले लोक, आणि नवरासुद्धा, विशेषतः भाजी आणायला विसरलेला असला की. लेक तेवढी आई म्हणायची.

बोट दारात सापडलं का, असं ताईने विचारलं. लेक नाही म्हणाली आणि कप खाली ठेवून हात मांडीवर घेतले. तेवढ्यात ताईला मधलं बोटही दिसलं. त्याचीही रेष उतरली होती, थोडी कमी. अंगठा मात्र शाबूत होता. बुरशी असती तर अशी दोन-तीन बोटांवर एकदम, इतक्या सारख्या आकारात आली नसती, हे ताईच्या मनात आलं. आणि मार लागला असता तर लेकीने घर डोक्यावर घेतलं असतं.

“मातीत हात असतात दिवसभर,” लेक म्हणाली. “होतं असं.”

मग तिने पाण्याचा ग्लास भरला, पाकिटातून गोळी काढली, घोट घेतला, गिळली आणि उरलेलं पाणीही पिऊन टाकलं. दात घासावेत इतक्या सवयीने. टोपी उचलली आणि नर्सरीत निघून गेली. जाताना तिचा चेहरा खिडकीतल्या उजेडातून गेला. स्वच्छ, नितळ. ताई दाराकडे बघत राहिली आणि तिला नेहमीसारखं बरं वाटलं. नखांचं जे काही होतं, ते या बरं वाटण्याच्या मागे जाऊन उभं राहिलं.

डेअरीत पोचली तेव्हा टँकर लागलेले होते. प्रत्येक टँकरमधलं थोडं दूध तिच्या टेबलावर यायचं आणि काचेच्या बोटभर नळ्यांमध्ये जायचं. नळीच्या तळाशी जांभळा, खरवडीसारखा थर असतो, आणि त्या थरात झोपलेले जंतू. नळ्या ऊबेत ठेवल्या की जंतू जागे होतात, वाढतात, आंबटपणा तयार करतात आणि जांभळ्याचं पिवळं होतं. दूध स्वच्छ असेल तर. गायीला औषध दिलेलं असेल आणि औषध उतरायच्या आत तिचं दूध टँकरमध्ये आलं असेल, तर जंतू उठतच नाहीत. नळी जांभळी राहते आणि अख्खा टँकर परत जातो. एका माणसाच्या एका गायीमुळे पन्नास जणांचं दूध ओतावं लागतं. म्हणून ड्रायव्हर लोक तिच्या खिडकीशी येऊन थांबायचे. ताई, आज जरा पिवळं करा, असं कुणीतरी म्हणायचंच. आणि ती म्हणायची, मी कुठे करते, आत कामावर जे आहेत त्यांना सांगा.

आज मात्र तिचं लक्ष नव्हतं. ती नळ्या ठेवत होती आणि डोक्यात ती उतरलेली रेष होती.

या गोळ्या घरात आल्या त्याला आता वर्ष होत आलं होतं.

त्याआधी लेकीच्या गालांवर आणि हनुवटीच्या कडेने गाठी यायच्या. नुसत्या पुटकुळ्या नव्हेत. आतून उठणाऱ्या, लाल, हात लावला तर ठणकणाऱ्या. एक बसायच्या आत शेजारी दुसरी. लेकीने केस गालावर घ्यायला सुरुवात केली, मग बाथरूममधला दिवा न लावता दात घासायला. फोटो काढायचा म्हटलं की तिला नेमकं तेव्हाच काहीतरी आणायला आत जायचं असायचं. मामा तिला लहानपणापासून वकीलबाई म्हणायचा, कारण ती कुठल्याही गोष्टीवर त्याच्याशी भांडायची. त्या दिवसांत तो येऊन गेला की म्हणायचा, वकीलबाईंनी प्रॅक्टिस बंद केली वाटतं.

ताईला तो विनोद सहन व्हायचा नाही. तिच्या स्वतःच्या गालांवर खड्डे होते. डाळिंबाचे दाणे काढून घेतल्यावर सालीची आतली बाजू दिसते तसे. तिच्या तरुणपणी सगळे म्हणाले होते, वय आहे, जाईल. वय गेलं. खड्डे राहिले. त्यांच्यावर तिने कधी रडारड केली नव्हती, पण कुणाशीही बोलताना किंचित बाजूला वळून उभं राहायची सवय तिला तेव्हापासून लागली होती, आणि ती सवय प्रयोगशाळेच्या खिडकीतसुद्धा सुटली नव्हती.

म्हणून लेकीला घेऊन ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी लेकीचा चेहरा दिव्याखाली बघितला आणि सांगितलं, की या गाठी खोल आहेत, नुसत्या मलमाने भागणार नाही, शिवाय डाग पडतील. पोटात घ्यायची अँटिबायोटिक देऊ. ती जंतू कमी करते, पण तिचा जास्त उपयोग सूज शांत करण्यात असतो. फरक दिसायला काही आठवडे जातील, धीर धरायचा. जोडीला रात्री मलम लावायचंच, कारण गोळी कायमची नाही. तीन महिने, फार तर थोडं पुढे. मग गोळी सोडायची आणि मलमावर राहायचं. जास्त दिवस घेतली तर जंतू तिला सरावतात, आणि उद्या खरंच गरज पडली तर ती कामाला येत नाही. हे ऐकताना ताईने मान डोलावली होती. जंतूंबद्दल तिला कुणी नवीन सांगायला नको होतं.

मग डॉक्टरांनी गोळी कशी घ्यायची ते सांगितलं. भरपूर पाण्याबरोबर. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. उन्हात जपायचं. दूध टाळायचं.

दूध म्हटल्याबरोबर ताईचे कान गरम झाले. नोकरीला लागल्यापासून ती हेच ऐकत आली होती. दुधाने कफ होतो, दुधाने वजन वाढतं, दुधाने तोंडावर फोड येतात. लग्नाकार्यात, बसथांब्यावर, कुणालाही ती डेअरीत आहे असं कळलं की तो दुधाबद्दल तक्रार घेऊन यायचा, जणू गायी तिनेच पाळल्या होत्या. शिकल्यासवरलेल्या डॉक्टरही तेच म्हणतायत याचं तिला वाईट वाटलं. तिने कारण विचारलं नाही. पण घरी आल्यावर, गोळीने लेकीच्या पोटात ढवळायला लागलं तेव्हा, तिने रोज सकाळी गोळीबरोबर कपभर कोमट दूध द्यायला सुरुवात केली. पोटाला आधार.

दोन महिने होत आले तरी काही फरक पडेना. लेक आरशासमोरून उठून जायची. मलमाने तिची कातडी सोलवटली होती, आणि त्यानेच रंग उडून उशीच्या अभ्र्यांवर आणि निळ्या टॉवेलवर पांढरे डाग पडले होते. शेवटी मामा एका रविवारी आला. त्याचं औषधांचं दुकान होतं. त्याने सकाळी लेकीला गोळी घेताना बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

“ताई, दुधाबरोबर?”

दुधातलं कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही, बरीचशी वाया जाते, असं त्याने समजावलं. डॉक्टरांनी दूध टाळा म्हटलं ते फोडांसाठी नव्हे, गोळीसाठी. आणि मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

“आयुष्यभर तू दुधात औषध शोधलंस, आणि घरी औषध दुधात बुडवलंस!”

नवरा हसला. लेकही हसली, कितीतरी दिवसांनी. ताईला हसू आलं नाही, पण लेक हसतेय हे बघून तिने ते मुकाट्याने घेतलं.

त्यानंतर गोळी पाण्याबरोबर जायला लागली. आणि ती लागू पडली. आधी नव्या गाठी येईनाशा झाल्या, मग जुन्या बसल्या, मग लालसरपणा ओसरला. लेकीने केस मागे बांधले. एके दिवशी तिने बाथरूममधला दिवा लावला आणि तिथूनच काहीतरी गुणगुणत राहिली. ताई स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून ऐकत उभी होती. त्याच महिन्यात लेक स्वतःहून गुलाबांच्या नर्सरीत गेली आणि तिथल्या मालकीणबाईंकडे काम मागून आली. कुणी पाठवलं नव्हतं, कुणी सोबत गेलं नव्हतं. अनोळखी बाईसमोर भर उजेडात उभी राहून ती बोलली होती. गोळीने एवढं केलं होतं. ताई हे नाकारू शकत नव्हती, आणि पुढचं सगळं तिथूनच अवघड झालं.

तीन महिने संपले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता गोळी सोडू, मलम एक दिवसाआड लावत राहा, परत दाखवायला या. ताई हो म्हणाली. पण त्या आठवड्यात लेक नवीन कामावर रुजू होणार होती. नवीन जागा, नवीन माणसं. जरा बस्तान बसू दे, असं ताईने ठरवलं, आणि भावाकडून अजून एक पाकीट आणलं. डॉक्टरांना विचारलंस ना, असं भावाने विचारलं. ती हो म्हणाली. बस्तान बसलं. मग लेकीच्या मैत्रिणीचं लग्न आलं. मग कडक ऊन आलं, आणि उन्हाने फोड वाढतात असं कुठेसं ऐकलं होतं. थांबायला दर वेळी एक कारण सापडत गेलं. मलमाची चुरचुर नको म्हणून लेकीने ते कधीच सोडून दिलं होतं. डॉक्टरांकडे परत जायचं राहिलं. राहिलं म्हणजे ताईनेच ते राहू दिलं, कारण तिथे गेल्यावर काय ऐकायला मिळणार ते तिला माहीत होतं.

मधल्या काळात काही झालं नव्हतं असं नाही. एकदा लेकीने घाईत गोळी कोरडीच गिळली आणि पलंगावर लवंडली. गोळी घशाखाली कुठेतरी अडकून विरघळली, आणि पुढे कितीतरी दिवस तिला पाण्याचा घोटही छातीत निखारा उतरावा तसा लागायचा. एकदा बुरशीचा संसर्ग झाला, नको तिथे खाज, आणि लेकीने आधी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा रडत सांगितलं. ते औषधाने बरं झालं. उन्हाळ्यात मानेवर आणि हातांच्या पाठीवर कातडी लाल होऊन सोलली. टोपी घाल, ताईने सांगितलं. टोपी आली. हातमोजे काही आले नाहीत. एकेक गोष्ट वेगवेगळी आली आणि वेगवेगळीच निस्तरली गेली. त्या सगळ्या एका दोरीत ओवून बघायच्या नाहीत, एवढी काळजी ताईने घेतली होती.

दुपारी नळ्या पिवळ्या झाल्या. तिने निकाल कळवले, हात धुतले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून भावाच्या दुकानात गेली.

दुकानात गर्दी नव्हती. भाऊ खोकल्याच्या बाटल्या लावत होता. वकीलबाईंचं पाकीट ना, असं म्हणून तो मागे वळला. ताईने त्याला थांबवलं आणि नखांबद्दल सांगितलं, कुठली बोटं, कमान कशी, रंग कसा. अंगठा कसा वाचलाय ते. तो ऐकत होता तसा त्याचा चेहरा बदलत गेला. थट्टा त्याच्या तोंडावरून उतरली की तो वेगळाच माणूस दिसायचा, त्यांच्या वडिलांसारखा.

तो म्हणाला, हे ऊन आणि गोळी मिळून होतं. गोळी रक्तातून नखाखाली पोचते, वरून नखातून ऊन शिरतं, आणि तिथली कातडी आतून भाजते. मग नख सुटतं. काम करताना अंगठा आत वळलेला असतो, म्हणून तो वाचतो. फार जणांना होत नाही, पण या गोळीने होतं हे माहीत आहे. गोळी थांबली की नवीन नख मुळापासून चिकटलेलं येतं. वेळ लागतो, पण येतं.

मग त्याने सरळ विचारलं. “डॉक्टरांनी किती दिवस सांगितली होती?”

“तीन महिने.”

दुकानासमोरून एक बाई पोराला ओढत घेऊन गेली. त्याने बाटल्यांची रांग उगाच सरळ केली.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “चिठ्ठी बघायला हवी होती. बहीण आहे म्हणून बघितली नाही.”

“मी खोटं बोलले तुझ्याशी.”

“ते तर आहेच.” तो थोडासा हसला. “ताई, हे पाकीट मी देत नाही. तुला हवं तर चार दुकानं सोडून मिळेल, कुणी विचारणार नाही. पण मी देत नाही.”

ती रस्त्यावर आली. ते दुकान तिथून दिसत होतं, त्याची हिरवी पाटी. पर्समध्ये जुनं रिकामं पाकीट होतं, ते दाखवलं की पुरे. ती त्या दिशेने चाललीसुद्धा. चालता चालता तिला स्वतःचंच नवल वाटलं. टँकर परत पाठवताना ती कधी अडखळली नव्हती. रडणारी माणसं खिडकीशी आली होती, थोडंसंच तर आहे म्हणाली होती, आणि तिने शांतपणे सांगितलं होतं की थोडं असो की खूप, नळी जांभळी आहे. इथे तिला कुणी विनवत नव्हतं. विनवणारीही तीच होती आणि खिडकीच्या आतलीही.

दुकानापाशी ती थांबली नाही. बसमध्ये बसली आणि नर्सरीच्या फाट्यावर उतरली.

मालकीणबाई फाटकाशीच भेटल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, कमरेला कात्री. ताईला त्यांनी एकदाच पाहिलं होतं तरी लगेच ओळखलं. बरं झालं आलात, असं म्हणून त्यांनी सांगितलं, की तुमच्या लेकीचा हात चांगला आहे, पण हल्ली ती हळू झालीय. तोंड मात्र तेवढ्याच वेगाने चालतं. हंगाम चालू आहे, कलमाचे डोळे भरायचे दिवस थोडे असतात. हिचा वेग आला नाही तर पुढच्या वर्षी तिला कायम करायचं की नाही, याचा विचार करावा लागेल. रागाने नव्हत्या बोलत. झाडांबद्दल बोलावं तशाच बोलत होत्या.

लेक शेवटच्या ओळीत होती. ज्यांवर कलम बांधायचं त्या जंगली गुलाबाच्या खुंटांची लांब ओळ, आणि ती त्यांच्यामध्ये बसलेली, टोपी मागे सरकलेली. ताई जवळ जाऊन न बोलता बघत उभी राहिली. लेकीने खुंटाच्या सालीवर चाकूने आडवी आणि उभी चीर दिली. चाकूच्या मागच्या बोथट टोकाने साल दोन्हीकडे अलगद उचलली. दुसऱ्या फांदीवरून सालीसकट कापून आणलेला एक डोळा, न फुटलेला कोंब, त्या सालीखाली सरकवला. आता पट्टी गुंडाळायची होती. पट्टीचं टोक तर्जनीच्या नखाने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने घट्ट फिरवायची. लेकीने टोक तर्जनीने दाबलं, ओठ आवळले, सोडलं. मग दातांत धरलं. दातांत धरून, मान वाकडी करून, तिने पट्टी फिरवली. ती सैल बसली. तिने ती सोडली आणि परत सुरुवात केली.

मग तिने वर बघितलं.

“तू इथे कशी?”

ताई शेजारी मातीत बसली. लेकीने इकडेतिकडे बघितलं, आईला असं भर शेतात बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. साडी मळेल, ती म्हणाली. ताईने तिचा हात घेतला आणि नखं उजेडाकडे वळवली. डाव्या हाताचीही तीच गत होती. मामाने सांगितलं ते तिने लेकीला सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. ऊन, गोळी, नख. आणि तीन महिन्यांचंही.

लेक ऐकत होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“तुला माहीत होतं?” ताईने विचारलं.

लेकीला माहीत नव्हतं. पण अंदाज होता. सुट्टीच्या दिवशी घरात राहिलं की कमी दुखायचं, उन्हात आलं की जास्त. ती म्हणाली, मी काही अगदीच ढ नाही. तुझीच मुलगी आहे.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू गोळी बंद केली असतीस.”

“म्हणजे तुला ती हवी होती.”

लेकीने चाकूवरची माती पुसली. उत्तर द्यायला तिला वेळ लागला, ज्या मुलीला मामा वकीलबाई म्हणायचा तिला.

“मला वाटलं, तुला हवी आहे,” लेक म्हणाली. “तू दर वेळी विचारतेस, आणू का? मी म्हणते, आण. आई, विचारताना तुझ्या खांद्याला पर्स आधीच लावलेली असते.”

ताईने खांद्यावरची पर्स काढून मातीत ठेवली.

“आणि सकाळी मी खोलीतून बाहेर आले की तू आधी माझ्या गालांकडे बघतेस. मग माझ्याकडे. गाल बरे असले की तुझा दिवस चांगला जातो. मला कळतं ते. तू इतकी खूश असतेस, मग मी कशी म्हणू नको म्हणून?”

वाऱ्याने ओळीतल्या सगळ्या पट्ट्यांची मोकळी टोकं हलली. पलीकडच्या वाफ्यात कुणीतरी पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. ताईला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं, तसं नाही, असं काहीतरी. पण तसंच होतं. रोज सकाळी ती लेकीकडे बघायची ते नळीकडे बघावं तसं, निकालासाठी. आणि तो निकाल लेकीचा नव्हता. कधीकाळी आरसा उलटा करून ठेवणाऱ्या कुणा दुसऱ्याच मुलीचा होता, आणि ती मुलगी आता प्रौढ बाई होऊन मातीत बसली होती.

“तुला काय वाटतं?” तिने सवयीने विचारलं, आणि शब्द तोंडातून निघताच तिला कळलं की ती परत तेच करतेय. ओझं लेकीच्या हातात देऊन स्वतः दाराशी उभी राहतेय.

लेकीने खांदे उडवले. ती म्हणाली, मला भीती वाटते. ते सगळं परत आलं तर? इथे तर टोपी घालूनसुद्धा चेहरा दिसतो. मालकीणबाई आता नीट बोलतात, तेव्हा बोलतील का? ती हे सगळं ओळीतल्या खुंटाकडे बघून बोलत होती. मग म्हणाली, पण हे काम गेलं तर मला जास्त वाईट वाटेल. पट्टी घट्ट बसली आणि काही दिवसांनी बघितलं की डोळा हिरवा असतो ना आई, तेव्हा मला आरशाची आठवणही येत नाही.

ताईने तिला खोटा धीर दिला नाही. परत येऊ शकतं, ती म्हणाली. बहुधा थोडं येईलच. मलम परत लावावं लागेल, चुरचुरलं तर कमी करून, पण लावावं लागेल. अभ्रे पांढरे होतील तर होऊ देत, सगळे पांढरेच आणू. डॉक्टरांकडे जाऊन त्यांना सगळं खरं सांगावं लागेल, आणि ते मी सांगेन, कारण खोटं मी बोलले. त्यांच्याकडे आणखी उपाय आहेत, ते काय आहेत ते नीट ऐकून घेऊ. आणि एक गोष्ट मी तुला कबूल करते, की सकाळी मी तुझ्या डोळ्यांकडे बघेन. कधी विसरले तर सांग.

“सांगेन,” लेक म्हणाली. “तू विसरशील.”

“विसरेन.”

लेकीने नवा खुंट पुढ्यात घेतला, सालीवर चीर दिली, डोळा सरकवला. पट्टीचं टोक तिने परत दातांकडे नेलं. ताईने ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या नखाने सालीवर दाबून धरलं. जरा वर, लेक म्हणाली. आता घट्ट. तिने पट्टी फिरवली आणि गाठ मारली. मालकीणबाई लांबून बघत होत्या.

“मग?” लेकीने विचारलं. ती आईकडेच बघत होती. “काय करायचं?”

ताई तिच्याकडे सरळ वळून बसली.

“बंद,” ती म्हणाली. “आज सकाळची शेवटची. उद्यापासून गोळी बंद.”